लेथ विकू नकोस

अंबड, नाशिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि रात्री जेवण गेलं नाही. सुरगाण्याचं वर्कशॉप बंद केलंस, लेथ मशीन विकायला काढलंस, ते एक वेळ समजू शकतो. पण ‘माझ्यातच काहीतरी कमी होतं’ असं लिहिलंस, ते मला मान्य नाही. सातपूरच्या आयटीआयमध्ये आटे पाडायला सर तुलाच पुढे उभं करायचे. मी तुझ्या हाताकडे बघून शिकलो.

मग माझं वर्कशॉप का चाललं? गेल्या नोव्हेंबरचीच गोष्ट. द्राक्षं फुलोऱ्यात आणि वरून अवकाळी पाऊस. निफाडचे एक काका पहाटेच फवारणीच्या ब्लोअरचा पंप पिकअपमध्ये टाकून शटरपाशी हजर. शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, तुटलेला; डावण्या रोग पसरायच्या आत फवारणी व्हायला हवी. माझ्याकडे त्या मापाचा पोलादी बार नव्हता, तो मागच्या गल्लीतून उसना आणला. मिलिंग शेजाऱ्यानं करून दिलं, हार्डनिंग दोन गल्ल्या सोडून झालं. दुपारी पंप सुरू! यात माझं काय, तर फक्त लेथवरचं टर्निंग. तुला हेच करायचं तर बारसाठी नव्वदेक किलोमीटर नाशिक गाठायचं, म्हणजे दिवस गेलाच.

आणि या गल्ल्या काही मी उभ्या केल्या नाहीत. १९६२ साली एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहती उभारणारं सरकारी महामंडळ, स्थापन झालं, १९६४ मध्ये ओझरचा विमान कारखाना आला, पुढे सातपूरला मायको (आताची बॉश), महिंद्रा यांचे कारखाने. त्यांचे सुटे भाग करता करता घरोघरी टर्नर-फिटर तयार झाले. मी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, हे मनापासून सांगतो.

कर्जाचंही तेच. वडिलांचा फ्लॅट तारण ठेवला आणि मला मशीन मिळालं. तुझी जमीन २००६ च्या वनहक्क कायद्यातली. ती कसता येते, पोरांच्या नावावर होते, पण विकता येत नाही. मग बँक ती तारण कशी धरणार? याचा मला फार राग येतो. हात तोच, मेहनत तीच, आणि कागदापाशी सगळं अडतं.

गाव सोड म्हणणं सोपं आहे, आईला एकटं टाकून निघणं नाही, हे कळतं मला. पण द्राक्षाच्या हंगामापुरता तरी ये. माझ्या शेडमध्ये खिडकीकडची जागा मोकळी केली आहे, थ्री फेजचं कनेक्शन तिथवर ओढलंय. काम तुझं, बिल तुझ्या नावानं.

रविवारी पिकअप घेऊन येतो. लेथच्या फाउंडेशनचे बोल्ट गंजले असतील, आजच त्यांवर डिझेल ओतून ठेव. मोठा पाना मी आणतो.

तुझाच,
बेंचवरचा जोडीदार