टेहळणी गुरू ग्रहाची

महोदय,

आकाशात अनोळखी दिवा दिसला की हल्ली लगेच ड्रोनची आवई उठते. लडाखमध्ये 2012-13 च्या हिवाळ्यात हेच झाले. पँगाँग सरोवराजवळच्या जवानांना चीनच्या बाजूने दोन तेजस्वी ठिपके दिसत. एक संध्याकाळी सहाला उगवे आणि पहाटे पाचपर्यंत राही. दुसरा पहाटे चारपासून सकाळी अकरापर्यंत, म्हणजे चक्क उन्हात! फेब्रुवारीपर्यंत नोंदी तीनशेच्या वर गेल्या. हेरगिरीची शंका आली. अखेर बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ठिपक्यांची हालचाल ताऱ्यांच्या संदर्भात तपासली, तेव्हा पहिला निघाला गुरू, दुसरा शुक्र.

यावर हसू नये. तिथली हवा विरळ, ग्रह भलतेच ठळक दिसतात, आणि दिसेल ते टिपणे हे पहारेकऱ्याचे कामच. शिवाय प्रत्येक दिवा ग्रह नसतो. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळत गेलेल्या गोळ्यांनंतर सिंदेवाही तालुक्यात धातूची भलीमोठी कडी सापडली होती. तरीही सीमेवरच्या प्रत्येक चौकीत दुर्बिणीशेजारी एक पंचांग ठेवायला काय हरकत आहे? ग्रहांचे उदयास्त त्यात छापलेलेच असतात.

– एक वाचक, नागपूर