नांदुरीचा घाट महिन्यातून एक सकाळ सायकलींना द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचवटीत माझं औषधांचं दुकान आहे. मनाच्या आजारावरच्या गोळ्यांची चिठ्ठी लोक आता चारचौघांत पुढे करतात. पूर्वी दुकान रिकामं होईपर्यंत रस्त्यापलीकडे ताटकळत उभे राहायचे. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. गोळ्या घेताना बरेच जण हळूच विचारतात, "ताई, डॉक्टर व्यायाम करा म्हणाले. नेमकं काय करू?" त्यांना मी जे सांगते तेच इथे लिहिते आहे, कारण त्यातली एक गोष्ट प्रशासनाच्या हातात आहे.

आई श्रावणात गेली. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले आणि मग मन जे खाली बसलं ते वर येईना. सकाळी शटरला हात लावायचीही इच्छा होत नसे. गिऱ्हाईक दोनदा बोललं तरी एकदा ऐकू येई. घरचे, शेजारचे सगळे प्रेमाने एकच सांगत: एकटी राहू नकोस. सोबतीला कोणी ना कोणी बसलेलं असायचं आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी चेहरा सावरून बसायचे. संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर चालून पाहिलं. पाय चालत, पण मन आपलं तेच दळण दळत राही.

दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी पहाटे सायकल काढली आणि एकटीच वणीच्या सप्तशृंगी गडाकडे निघाले. म्हसरूळ मागे पडलं, डावीकडे रामशेजचा काळा आकार दिसला. दिंडोरीत टपरीवर चहा घेतला तेव्हा कुठे फटफटत होतं. पुढे द्राक्षबागांच्या छाटण्या चालू होत्या, बोर्डोच्या फवारणीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. वणीपर्यंतचा रस्ता तसा सोपा. खरी परीक्षा नांदुरीला सुरू होते. तिथून गडापर्यंतचा घाट साधारण दहा किलोमीटरचा आहे.

घाटात सगळ्यात हलका गिअर टाकूनही सायकल चालत्या माणसाच्या वेगाने सरकते. मांड्या पेटतात, घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरतो, श्वास इतका मोठा होतो की दुसरं काही ऐकू येत नाही. मी पुढच्या वळणाचाही विचार सोडला होता. कठड्याचा पुढचा दगड गाठायचा, मग त्याच्या पुढचा. किती तरी आठवड्यांत पहिल्यांदा, 'आईला आधी दवाखान्यात न्यायला हवं होतं का' हा प्रश्न डोक्यात नव्हता. त्याला तिथे जागाच उरली नव्हती. मग एका वळणावर पाय टेकला आणि रडू फुटलं. कठड्याला सायकल लावून मी मोठ्याने, पोटभर रडले. समजूत घालायला कोणी नव्हतं, म्हणूनच ते पूर्ण रडून झालं. वर पोचल्यावर पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार केला आणि परत फिरले. त्या रात्री पिठलं-भाकरी मागून घेऊन जेवले आणि गाढ झोपले. तो हलकेपणा दोन-तीन दिवस टिकला. मग पुन्हा गेले, आणि अजूनही जाते.

हे का होतं, याबद्दल एंडॉर्फिनचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. दमवणाऱ्या व्यायामाने शरीरात एंडोकॅनाबिनॉइड नावाची, शरीर स्वतःच बनवतं ती रसायनं वाढतात, ती मात्र मेंदूपर्यंत पोचतात, म्हणून अभ्यासक आता त्यांच्याकडे जास्त लक्ष देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला मध्यम व्यायामाची 150 ते 300 मिनिटं किंवा जोरकस व्यायामाची 75 ते 150 मिनिटं सांगितली आहेत. वणीच्या गडाची एक फेरी हा हिशेब एका दिवसात ओलांडते.

पण दुकानदार म्हणून नाही, माणूस म्हणून बजावते: घाट चढून बरं वाटलं म्हणून कोणीही गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि त्या एकदम थांबवल्या तर चक्कर, बेचैनी, झोपमोड असा त्रास होऊ शकतो. डॉक्टर सांगतील तशा हळूहळू कमी करायच्या असतात. आणि जीव नकोसा झालाय असे विचार येत असतील, तर एकट्याने घाटात अजिबात जाऊ नये. तेव्हा माणसं जवळ हवीत. ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चालू आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. मी तो काउंटरच्या काचेवर लावून ठेवला आहे.

आता मूळ मुद्दा. या रस्त्याने सापुताऱ्याकडून येणारी गुजरातची वाहनं आणि भाजीच्या पिकअप धावतात. घाटात गडावर जाणाऱ्या मोटारी असतात. आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करणं तर रोजचंच. एकदा एका जीपचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. जीप थांबलीही नाही. चढताना सायकल थोडी डुलतेच, तिला हातभर जागा लागते, आणि कठड्यापलीकडे सरळ दरी आहे. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी दोघांच्या संघातून 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. सुमारे 4,800 किलोमीटरची ती शर्यत गाजवणारं हे शहर. इथे बाईमाणसाला पहाटे एकटीने साठ किलोमीटरवरचा गड गाठताना जीव मुठीत धरावा लागू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

यासाठी नवीन काही उभारायला नको. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी वाहनं नांदुरीला थांबवून भाविकांना एसटीने वर नेतातच. तीच व्यवस्था यात्रेचे दिवस सोडून महिन्यातल्या एका रविवारी पहाटे पाच ते नऊ ठेवावी. गडावरचे रहिवासी, रुग्णवाहिका आणि एसटी यांना मोकळीक असावी. गडावरच्या हॉटेलवाल्यांचं यात नुकसान नाही, घाट चढून आलेला माणूस दोन प्लेट पोहे खातो. पावसाळ्यानंतर दरडीचे बारीक दगड कडेला तसेच पडून राहतात, ते त्याआधी झाडून घेतले तर पंक्चरही टळतील आणि घसरणंही.

गेल्या आठवड्यात कॉलेजातला एक मुलगा चिठ्ठी घेऊन आला. त्याच्याकडे साधी गिअरची सायकल आहे. डॉक्टरांची ना नाही, पण आई एकटं सोडत नाही, म्हणाला. त्याला मी मागचा लाल दिवा, जादा ट्यूब, ओआरएस आणि घरी लोकेशन पाठवणं, हे सगळं सांगितलं. रस्त्याबद्दल मात्र त्याच्या आईला काय सांगावं, ते मला सुचलं नाही. जिल्हा प्रशासनाने एक रविवार तरी करून पाहावा. नांदुरीच्या नाक्यावर वाहनचालकांना समजावून सांगायला माणसं कमी पडली, तर पहाटे पाचला उभं राहायला मी तयार आहे.

— एक औषधविक्रेती, पंचवटी, नाशिक