सोडतीचा अर्ज भरण्याआधी पतअहवाल वाचा

महोदय,

सिडकोची किंवा म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत जाहीर झाली की ठाणे-नवी मुंबईत अधिवास आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी धावपळ सुरू होते. पतअहवाल (आपल्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदींचा क्रेडिट रिपोर्ट) मात्र घर लागल्यावर, कर्जाची फाइल बँकेत गेल्यावरच पाहिला जातो. त्यात चूक निघाली तर दुरुस्तीला महिना लागू शकतो. हप्त्याची तारीख तेवढी थांबत नाही.

‘सिबिल किती?’ एवढे विचारून भागत नाही. 300 ते 900 मधला तो आकडा, म्हणजे गुणांक, नोंदींवरून निघतो आणि दुरुस्त करायच्या असतात त्या नोंदी. शिवाय सिबिल ही अशा नोंदी ठेवणाऱ्या चार पतकंपन्यांपैकी एक. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क यांच्याकडेही आपली माहिती जाते. बँक यांपैकी कोणाचा अहवाल काढेल, हे आपण ठरवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 2017 पासून या प्रत्येक कंपनीला वर्षातून एकदा गुणांकासह पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. तो त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. सशुल्क योजना घ्यायची गरज नाही. एरवी दर तीन महिन्यांनी एकेकीचा पाहावा, घर घ्यायचे असेल तर चारही एकदम. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही.

वाचताना आधी पॅन, जन्मतारीख आणि पत्ते पडताळा. पॅनचे एक अक्षर चुकले तरी दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसू शकते. मग प्रत्येक खाते बघा. अनोळखी नाव दिसले म्हणून लगेच फसवणूक समजू नका. ॲपवरून किंवा दुकानात हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे कर्ज त्यामागच्या वित्तकंपनीच्या नावाने नोंदले जाते. भावाला किंवा मित्राला जामीन राहिला असाल तर ते खातेही इथे सापडेल. महिनावार रकान्यात ‘000’ म्हणजे थकबाकी नाही, ‘एसटीडी’ म्हणजे भरणा नव्वद दिवसांच्या आत होत आहे, ‘030’ म्हणजे तीस दिवस उशीर, ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहितीच आलेली नाही.

सर्वात घात करतो तो ‘सेटल्ड’ हा शेरा. वसुलीवाल्याने सूट देऊन प्रकरण मिटवले की माणसाला वाटते कर्ज संपले. प्रत्यक्षात बँकेने काही रक्कम सोडून दिली, अशी ती नोंद असते आणि पुढचा कर्जदाता तिथेच अडतो. उरलेली रक्कम भरून ‘क्लोज्ड’ शेरा आणि थकबाकी नसल्याचे पत्र मिळते का, हे त्याच बँकेला लेखी विचारावे.

चूक सापडली तर तक्रार पतकंपनीच्या संकेतस्थळावर करा आणि संबंधित बँकेलाही लेखी कळवा. बँकेच्या दुजोऱ्याशिवाय पतकंपनी नोंद बदलत नाही, म्हणून दोन्हीकडे. कर्ज बंद झाल्याचे पत्र आणि खातेउतारा जोडा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल 2024 पासून लागू आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. सप्टेंबर 2022 पासून पतकंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत.

बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक मात्र चालू हवा. एखाद्या कर्जदात्याने आपला अहवाल काढला की त्याचा संदेश त्यावर येतो. आपण अर्जच केला नसताना असा संदेश आला तर त्याच दिवशी त्या संस्थेला लेखी कळवा.

सिडको आणि म्हाडाने सोडतीच्या माहितीपुस्तिकेत, कागदपत्रांच्या यादीशेजारीच, चारही मोफत अहवाल आधी तपासण्याची सूचना ठळक छापावी, ही विनंती.

– एक कर्ज सल्लागार, पाचपाखाडी, ठाणे