“निकेल कुठंय रे?” विचारणाऱ्या ताईंना

ताई,

त्या रात्री नांदेडहून तुमचा फोन आला नसता, तर एमएस्सीच्या माझ्या प्रकल्पात चुकीचं चित्र छापून गेलं असतं. तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र.

विषय मी घरूनच आणला होता. परभणीकडच्या आमच्या काळ्या रानात थोड्या ओलीवर कपाशीला युरिया फेकला आणि पुढचा पाऊस लांबला, की नाकाला झोंबणारा वास सुटतो. मातीतल्या जिवाणूंचं युरिएज हे विकर (एन्झाइम) युरिया फोडतं, अमोनिया तयार होतो, आणि जमीन विम्लधर्मी असल्यानं तो हवेत जातो. वडिलांनी उधारीवर आणलेलं खत असं उडताना पाहिलंय. म्हणून त्या विकराला अडवणारा रेणू शोधायचा होता.

स्पोरोसार्सिना पाश्चुरी या जिवाणूचं युरिएज घेतलं. युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यावरून ५७० अमिनो आम्लांची अल्फा साखळी, प्रथिनाचा आकार वर्तवणाऱ्या अल्फाफोल्डचं मॉडेल, मग विना या प्रोग्रॅममध्ये सात रेणूंचं डॉकिंग, म्हणजे रेणू विकरात कुठं आणि किती घट्ट बसतो हे संगणकावर पाहणं. आकडे इतके चांगले आले की मी तसाच सरांकडे निघालो होतो. तुम्ही फाइल उघडून एवढंच विचारलंत, “निकेल कुठंय रे?”

त्या मॉडेलमध्ये धातू नसतो, हे मला ठाऊक नव्हतं. युरिएजच्या गाभ्यात निकेलचे दोन आयन असतात. कार्बन डायऑक्साइड धरून बसलेला साखळीतला २२०वा लायसिन (एक अमिनो आम्ल) त्यांना जोडतो. युरिया फुटतो तो तिथंच. मी रिकाम्या खोबणीत रेणू बसवत होतो. मला रडू फुटायचं बाकी होतं, तेव्हा तुम्ही सांगितलंत, “समनर या रसायनशास्त्रज्ञानं १९२६ला युरिएजचे स्फटिक केले, त्यात निकेल आहे हे कळायला १९७५ उजाडलं.”

मग याच युरिएजची क्ष-किरणांनी मिळालेली, निकेलसकटची ४यूबीपी ही रचना उघडायला लावलीत. तिच्यातला, युरिएजला अडवतो हे आधीच माहीत असलेला अ‍ॅसिटोहायड्रॉक्झॅमिक आम्लाचा रेणू काढून तोच पुन्हा डॉक कर, आपल्या जागी परतला तर नव्या रेणूंचं बोल, म्हणालात. तो परतेना. त्यात लाइट गेली. लेकीला मांडीवर थोपटत तुम्ही फोनवर थांबलात, लाइट आल्यावर ग्रिडचे, म्हणजे रेणूची जागा जिच्यात शोधायची त्या पेटीचे, आकडे एकेक वाचायला लावलेत. पेटी मी भलतीकडेच ठेवली होती. सव्वाबाराला रेणू निकेलपाशी येऊन बसला.

आधीच्या सातांपैकी दोनच रेणू यादीत उरलेत. ते आता आमच्याच रानातल्या मातीवर तपासायचेत.

प्रकल्पातल्या चित्रात निकेलचे ते दोन आयन हिरव्या गोळ्यांसारखे छापलेत. प्रत घेऊन पुढच्या आठवड्यात नांदेडला येतो. आईनं तुमच्यासाठी घरच्या तुरीची डाळ बांधून ठेवली आहे.

तुमचा,
परभणीचा विद्यार्थी