जनसंचारातील एम. ए. प्रवेशाबाबत सूचना

ज्या सभासदांची मुले पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून जनसंचारात एम. ए. करू इच्छितात, त्यांनी निकालाची वाट न पाहता आताच तयारीला लागावे, ही विनंती. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम सामान्यतः कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला असतो. इंदूरातच देवी अहिल्या विश्वविद्यालयाची पत्रकारिता व जनसंचाराची अध्ययनशाला (विभाग) आहे. भोपाळला १९९० मध्ये स्थापन झालेले माखनलाल चतुर्वेदी विश्वविद्यालय आहे, ते पत्रकारिता व जनसंचाराचेच आहे. घरात मराठी आणि शाळेत हिंदी ही आपल्या मुलांची जमेची बाजू आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून दोन्ही भाषांत छापून आलेल्या त्यांच्या लेखनाची कात्रणे, वृत्तपत्राचे नाव व तारीख लिहून, एका फाइलीत लावून ठेवावीत. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांनी स्थलांतर प्रमाणपत्रासाठी वेळेत अर्ज करावा. कागदपत्रे तपासून हवी असल्यास रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात यावे.