भोगीला ६९ दिवस

नाशिक,
५ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीहून निफाडला आल्यावर इथल्या थंडीत परसबाग आणि घर कसं सांभाळायचं, हे फोनवर तू विचारलंस ते एका दमात सांगून होणारं नव्हतं, शिवाय काकूंनाही सावकाश वाचता यावं, म्हणून लिहूनच पाठवतोय. रत्नागिरीची थंडी म्हणजे पहाटे पायाशी पडलेली चादर वर ओढायची, एवढंच. निफाडची तशी नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येकदा पाच अंशांच्या खाली नोंदला जातो, आणि द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवून घड राखत बसतात. तेव्हा कोकणातली सवय आता चार महिने बाजूला ठेव.

पहिलं काम बियाण्याचं नाही, टेपचं आहे. उद्या दुपारी सव्वाबारा-साडेबाराच्या सुमारास तुझ्या दक्षिणेकडच्या कुंपणभिंतीची सावली मोज. भिंत पाच फुटी असेल तर सावली साडेतीन फुटांच्या आसपास भरेल. सूर्य अजून दक्षिणेला सरकतोय. २१-२२ डिसेंबरला भर दुपारीही तो क्षितिजापासून साडेशेचाळीस अंशच वर असेल आणि तीच सावली पावणेपाच फुटांवर जाईल. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा ही सावली जवळजवळ नसतेच. म्हणून उन्हाळ्यात जागा पाहून 'इथे भरपूर ऊन आहे' असं ठरवणारे हमखास फसतात. मोजलेल्या सावलीच्या पुढे आणखी सव्वा फूट सोडून खुंटी ठोक. खुंटीच्या अलीकडे, भिंतीच्या बाजूला, काहीही पेरू नकोस. त्या पट्ट्यात खताचा ड्रम आणि अळूच्या कुंड्या ठेव.

सगळ्यात मोलाची जागा कोणती, तर घराची दक्षिणेला तोंड करून असलेली भिंत. तिच्यावर दिवसभर ऊन पडतं आणि तापलेला दगड रात्री ती ऊब हळूहळू सोडत राहतो. वाफे त्या भिंतीपासून दोन-तीन फुटांवर, पूर्व-पश्चिम लांबीचे काढ. वाटाण्यासारखं उंच वाढणारं उत्तरेच्या कडेला, भिंतीजवळ. मेथी, पालक, गाजर पुढे. उलटं केलंस तर वाटाण्याची सावली गाजरावर पडेल आणि पाला वाढून खाली सुतळीएवढी मुळं निघतील.

आता भोगीच्या भाजीचं. वहिनींची इच्छा आहे की भाजी परसातली असावी. भोगी १३ जानेवारीला, म्हणजे आजपासून ६९ दिवस. त्यावरून उलटं मोजत ये. पाकिटावर लिहिलेल्या दिवसांत थंडीचे आठ दिवस वाढवून धर, कारण पंधरा अंशांच्या खाली रात्री गेल्या की सगळंच मंदावतं.

वाटाणा आणि गाजर याच आठवड्यात पेरायला हवं. आठवडा उलटला तर भोगी चुकली. वाटाणा रात्रभर भिजव, सकाळी निथळून इंचभर खोल, दोन बियांत तीन इंच आणि दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवून टोच. पेरल्यावर एकदाच भरपूर पाणी, मग कोंब वर येईपर्यंत माती ओलसर राहील इतकंच. रोज पाणी घातलं की बी जमिनीतच कुजतं, आणि लोक बियाण्याला नावं ठेवतात. रोप सहा इंचांचं झालं की तीन फुटी काटक्या रोव. उंदीर पेरलेलं बी उकरतात आणि पाखरं कोंब खुडतात, म्हणून पहिले पंधरा दिवस वर जाळी हवी.

गाजराची माती आधी फूटभर खोल भुसभुशीत करून खडे वेचून काढ. त्यात ताजं शेण अजिबात नको, पूर्ण कुजलेलं खतच हवं. खडा लागला किंवा कच्चं शेण लागलं की गाजराला दोन-तीन पाय फुटतात. बी फार बारीक असतं, म्हणून एक चमचा बियांत चार चमचे कोरडी वाळू मिसळ आणि पाव इंच खोल ओळीत सोड. वर ओलं गोणपाट अंथर. उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात, पण सहाव्या दिवसापासून रोज गोणपाट उचलून बघ आणि पहिला हिरवा कोंब दिसला की काढून टाक. एक दिवस राहिलं तरी कोंब पिवळे पडून आडवे होतात. नंतर दोन इंचांवर एक रोप ठेवून बाकी उपट. ही विरळणी करताना जीव तुटतो, पण दाट ठेवलेल्या वाफ्यातून एकही धड गाजर निघत नाही. तरीसुद्धा खरं सांगतो, भोगीपर्यंत गाजर बोटाएवढंच होईल, पूर्ण भरायला जानेवारी संपेल. भोगीच्या भाजीला ती कोवळी बोटं सालासकट घातली तरी छान लागतात.

हरभऱ्याच्या सोलाण्यांना आता उशीर झालाय, ते बाजारातून आण. पण मूठभर हरभरा पेरच. महिन्याने शेंडे खुडले की त्याची भाजी होते आणि झाडाला फांद्याही जास्त फुटतात.

मुळा नोव्हेंबरच्या शेवटी पेर, पंचेचाळीस दिवसांत होतो. वेळेवर उपटला नाही तर आत जाळी धरतो, म्हणून एकदम सगळा पेरू नकोस. कोथिंबीरही त्याच सुमारास. धने लाटण्याने हलक्या हाताने दाबून दोन फाका कर. भुकटी झाली तर कोंब मेला. बारा तास भिजवून अर्धा इंच खोल टाक. उगवायला दोन आठवडे लागतील, धीर सोडून वाफा उकरू नकोस. पालक डिसेंबरच्या सुरुवातीला. कापताना जमिनीपासून दोन इंच ठेवून काप, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा येतो, असे चार कापे सहज मिळतात. मेथी सगळ्यात सोपी. तीन फूट बाय तीन फुटाला दोन टेबलस्पून बी फेक, वर मातीचा पातळ थर दे. ७ डिसेंबरला एकदा आणि मग दर दहा दिवसांनी पेरत गेलास तर संक्रांतीनंतरही ताटात मेथी राहील.

कुंड्यांसाठी दोन घमेली माती, एक घमेलं गांडूळखत आणि अर्धं घमेलं कोकोपीट हे मिश्रण पुरे. कोकोपीट जास्त घालू नकोस. थंडीत ते दिवसेंदिवस ओलं राहतं.

आणि इथेच बहुतेकांची बाग जाते. थंडीत झाडं तहानेने फार मरत नाहीत, पाण्याने मरतात. पानं मलूल दिसली की माणूस पाणी घालतो. पण जास्त ओल्याव्यानेही मुळं कुजून पानं तशीच मलूल होतात, आणि वर आणखी पाणी पडतं. बोट मातीत इंचभर घाल. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पाणी द्यायचं ते सकाळी ऊन वाफ्यावर आल्यावर, साधारण साडेआठनंतर, आणि पानांवर न उडवता बुडाशी. अपवाद एकच. थंडीची लाट येणार असं कळलं, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की त्या दिवशी दुपारी जमिनीतल्या वाफ्यांना पाणी दे. ओली माती दिवसाची ऊब कोरडीपेक्षा जास्त धरते, गहू-हरभऱ्याचे शेतकरीही हेच करतात. कुंड्यांना मात्र नको, त्या रात्री भिंतीशी सरकव. नाजूक रोपांवर काटक्यांच्या आधाराने जुनं धोतर किंवा साडी टाक आणि सकाळी आठनंतर काढ. प्लास्टिक पानाला टेकलं की टेकलेली जागा करपते.

तू रत्नागिरीहून आणलेल्या झाडांची काळजी करतोयस, ती समजते. अळू पिवळं पडून बसेल. त्याचं पाणी तोड, कंद जिवंत असतो, पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा वर येईल. हळदीची पानं वाळू लागली म्हणजे ती मेली नाही, तयार होतेय. पाला पूर्ण वाळला की जानेवारी-फेब्रुवारीत काढ. कढीपत्ता पानं गाळेल आणि दोन-अडीच महिने गप्प राहील, या काळात खत घालून त्याला डिवचू नकोस. मोगऱ्याला पाणी अगदी कमी कर आणि संक्रांत झाल्यावर जानेवारीच्या शेवटी छाट. मगच मार्चमध्ये कळ्या धरतील. ज्यांचा मोगरा नुसता पाला देतो, त्यांनी बहुधा थंडीत त्याला झोपू दिलेलं नसतं.

शेवंतीची तक्रार तू केलीस, की शेजारी फुलली आणि तुझी अजून कळीवर नाही. कुंडी फाटकाजवळच्या दिव्याखाली आहे ना? तिथून हलव. शेवंतीला लांब, सलग अंधाराची रात्र लागते. रात्री तिच्यावर उजेड पडत राहिला तर तिच्या लेखी दिवस लहान झालेलाच नसतो. फुलं संपली की जमिनीपासून चार इंचांवर कापून टाक, बुडातून फुटवे येतील तीच पुढच्या वर्षीची रोपं.

वाटाण्यावर पांढरी पूड दिसली तर ती भुरी. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजूंना मारायचं. मावा आला तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल. पण थंडीत हे तेल थिजतं, तसंच ओतलं तर पंपाची चकती तुंबते आणि कुठे जास्त, कुठे कमी पडून पानं भाजतात. आधी कपभर कोमट पाण्यात दोन मिली द्रवसाबण आणि तेल घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलव, मग उरलेलं पाणी घाल. फवारणी उन्हं कलल्यावर, पण पानं अंधाराआधी वाळतील इतक्या वेळेत.

पानगळीचा पाला जाळू नकोस, ही कळकळीची विनंती. दोन इंचांचा थर रोपांच्या बुडाशी घाल, खोडाला न टेकवता. जास्तीचा ड्रममध्ये. जीवामृत करणार असशील तर दहा लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती. उन्हाळ्यात दोन दिवसांत होतं, आता चार दिवस धर आणि रोज दोनदा ढवळ.

घरातही हाच उन्हाचा हिशोब. दक्षिणेच्या खिडक्या अकरा ते चार उघड्या, सूर्य कलला की बंद. काकूंची खुर्ची सकाळी पूर्वेच्या ओट्यावर, दुपारी दक्षिणेच्या पडवीत. गोधड्या आणि घोंगडी आत्ताच बाहेर काढ, प्रत्येक बाजूला दोन तास ऊन दे आणि पूर्ण गार झाल्यावरच घडी घाल. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, तेव्हा बाटली सकाळी उन्हात ठेवायची, गॅसवर नाही. टाचांसाठी काकूंनी मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, आणलंच असेल, इथे त्याचा खरा उपयोग कळेल.

दही लागत नाही म्हणणाऱ्या वहिनींना सांग, की दूध बोटाला सोसेल इतकं कोमट असताना लिटरला दोन चमचे विरजण घालून नीट ढवळायचं. उन्हाळ्यात एक पुरतो. मग भांडं टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात, आठ-दहा तास, मध्ये हलवायचं नाही. गार दुधात विरजण घातलं की दही लागायला फार वेळ जातो आणि त्याला तार सुटते.

बाजरी थोडीथोडी दळून आण, आठ-दहा दिवस पुरेल एवढीच. बाजरीच्या पिठातली चरबी लवकर खवट होते, मग भाकरी कडू लागते आणि थापताना चिरते. पीठ गरम पाण्यातच मळायचं, तांदळाच्या भाकरीचा हात असलेल्या वहिनींना ते वेगळं सांगायला नको. डिंकाच्या लाडवांचा डिंक मात्र आधी हरभऱ्याएवढा फोडून दोन तास उन्हात ठेव. दमट डिंक फुलत नाही. तूप फार तापलं की वरून फुलतो आणि आत कच्चा राहून दाताला चिकटतो. मध्यम आचेवर, एका वेळी चमचाभर. गुळाचा पाक करायचाच नाही, गूळ विरघळून बुडबुडे आले की उतरव. पुढे गेलास तर लाडू फोडायला बत्ता लागेल.

सोबतच्या पाकिटात गाजराचं बी एक चमचा, मेथी शंभर ग्रॅम आणि गावरान वाटाण्याचे दोनशे दाणे आहेत. वाटाणा रविवारच्या आत टोच. आणि सावली किती फूट भरली ते कळव, म्हणजे वाफे कुठवर बसतात ते सांगता येईल.

काकूंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र

ता. क. थंडी वाढली की कोणीतरी कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दार लावायला सांगेल. तसं कधीही करू नकोस. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो, आणि झोपेतच माणूस जातो. न्हाणीघरातल्या गॅस गिझरचंही तेच. तो बाहेरच्या भिंतीवर बसवून घे, आणि तोवर अंघोळीआधी बादली भरून, गिझर बंद करून मगच दार लाव.