चंद्राचं वय, आणि तुझा परवाचा प्रश्न

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "चंद्र जन्मला तेव्हा तिथे कोण वही-पेन घेऊन बसलं होतं?" तेव्हा मी नुसता हसलो, पण नंतर डोक्यात तेच घोळत राहिलं. म्हणून लिहितोय, लांबेल, सवडीने वाच.

हे बघ, युरेनियम २३८ (युरेनियमचा एक प्रकार) याचा एखादा अणू कधी फुटेल हे कोणीच सांगू शकत नाही, पण ढीगभर अणू घेतले की हिशोब चोख, ४४७ कोटी वर्षांत निम्मे उरतात आणि बाकीच्यांचं शेवटी शिसं होतं. आता झिरकॉन म्हणून एक बारीक स्फटिक असतो, तो तयार होताना युरेनियमला आत घेतो पण शिशाला दारातही उभं करत नाही, म्हणजे आज आत जे शिसं सापडतं ते जवळपास सगळं तिथेच बनलेलं. वर त्याच कणात युरेनियम २३५ चं दुसरं घड्याळ, ७० कोटींचं. शिसं मध्येच झिरपून गेलं असलं तर दोन घड्याळं जुळत नाहीत आणि चोरी पकडली जाते! १९७२ साली अपोलो १७ या चांद्रमोहिमेने चंद्रावरून आणलेल्या धुळीतला असाच एक कण २०२३ मध्ये सुईसारखा टोकदार करून, लेझरने त्याचे अणू उडवून मोजले, वय आलं ४४६ कोटी.

मग तू म्हणशील की अणू फुटण्याचा (ऱ्हासाचा) वेगच पूर्वी वेगळा असेल तर? १९८७ चा सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट घे, १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं लांब, त्याचा उजेड ज्या दराने मंदावला तो स्फोटात बनलेल्या कोबाल्ट ५६ च्या ७७ दिवसांच्या अर्धायुष्याशी (निम्मे अणू उरायला लागणाऱ्या वेळेशी) जुळला. म्हणजे तेव्हाही, तिथेही हाच दर.

तुझा तो दुसरा मुद्दा, चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटर लांब जातो, आणि जवळ असताना तर आणखी वेगाने सरकत असणार, मग मागे मोजत गेलं तर दीडशे कोटी वर्षांतच तो पृथ्वीला टेकतो, हा मात्र खरंच चांगला होता. पण त्यात चंद्राला लांब ढकलणारं भरती-ओहोटीचं घर्षण समुद्रात कायम आजच्याच पद्धतीने होत होतं असं धरलंय, आणि ते तर खंड-समुद्र कसे मांडलेत त्यावर ठरतं, आजची मांडणी पृथ्वीच्या फिरण्याला जरा जास्तच ब्रेक लावणारी आहे.

खरं भांडण वेगळंच आहे. अपोलो १४ च्या झिरकॉनवरून काहीजण ४५१ कोटी म्हणतात, आणि दुसरीकडे बरेच दगड ४३५ च्या आसपास येऊन थांबतात. लोक म्हणतात बघा, यांचं यांनाच जुळत नाही. अरे पण घड्याळ दगड शेवटचा थिजला तेव्हापासूनचं सांगतं, चंद्र कधी जन्मला ते नाही! २०२४ मध्ये एक मांडणी आली की पृथ्वीच्या ओढीने चंद्र आतून तापून ४३५ कोटींच्या सुमारास परत वितळला, बरीचशी घड्याळं तिथे शून्यावर आली आणि चिवट झिरकॉन तेवढे वाचले. मला हे पटतं, पण पक्कं झालंय असं नाही. ४५१ वाल्या झिरकॉनवर तुला काय शंका येते ते लिही, तू काहीतरी खोट काढणारच.

तुझाच,
जुना भांडखोर